कोकणात कशाला हवाय बगीचा?

माझी शुगर सापडली ती सासूबाईंमुळे. २०२१ च्या दिवाळीआधी त्यांचं रक्त तपासायला घेऊन गेले होते, लॅबवाला ओळखीचा, त्याची पोस्टाची आरडी (दरमहा हप्ता भरायची ठेव) माझ्याकडेच आहे, तो म्हणाला वहिनी आलाच आहात तर तुमचंही घेतो. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांचं सगळं नॉर्मल. मी ४९ ची आणि माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.४, म्हणजे डायबिटीस. रिपोर्ट बघून सासूबाई म्हणाल्या, "लॅबवाल्याने बाटल्या बदलल्या असतील गो."

बदलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, भात कमी करा म्हणाले (कोकणात हे सांगणं सोप्पं आहे, करणं बघा) आणि चाला म्हणाले. आठवड्याला निदान १५० मिनिटं, तेही जरा दम लागेल असं. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे म्हणे, १५० ते ३०० मिनिटं. मी म्हटलं डॉक्टर, मी पोस्टाची महिला प्रधान एजंट, आरडीचे हप्ते गोळा करत दिवसभर घरोघर फिरतेच की. ते म्हणाले कशावर फिरता? स्कूटीवर. तिथे विषय संपला.

आता पुढचं जे सांगणार आहे ते ऐकून मुंबई-पुण्याची माणसं हसतात, पण आमच्याकडे चालायला जागा नाही. खरंच नाही. सगळ्यांना वाटतं कोकणात राहता म्हणजे रोज सकाळी समुद्रावर फिरत असाल. करून बघा. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, आज सकाळी सहाला कडक वाळू मिळाली तर सातेक दिवसांनी सहाला पाणी थेट सुरूच्या झाडांच्या मुळांशी, मग वरच्या भुसभुशीत वाळूत पाय ओढत चालायचं. त्यात किनारा तिरका, एक पाय कायम खाली, आठ दिवसांत माझी कंबर धरली. शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्या वाळूत गरागरा फिरतात. आणि जून ते सप्टेंबर तर नावच नको.

रस्ता म्हणाल तर फुटपाथ नावाची वस्तू आमच्या गावात नाही, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे थेट गटार, आणि चिऱ्याचे डंपर पहाटेच निघतात. वाड्यांमधल्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, आहेत, जांभ्या दगडाच्या, दिसायला एकदम फोटोवाल्या, पण पावसात शेवाळ धरलं की तिथे घसरून माकडहाड मोडलेली दोन माणसं मला माहीत आहेत. बाकी जे हिरवंगार दिसतं ना, ते सगळं गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत. आगर कुणाचं, कलमं कुणाची, काजू कुणाचे. कोकण हिरवं आहे हो, पण ते हिरवं कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहे.

सासूबाईंच्या रिपोर्टचं कोडंही मला तेव्हाच सुटलं. त्यांना कधी वॉकला जावंच लागलं नाही. भाताची लावणी, नाचणीचा वरकस, डोक्यावर गवताचे भारे, विहिरीवरून पाणी, बाजाराला डोंगर उतरून चढून. आता भातशेती निम्मी पड आहे, पाणी नळाला आहे, बाजार गल्लीच्या तोंडावर आहे आणि दारात स्कूटी. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही, तो भारा मला नकोच आहे. पण त्या कष्टाच्या जागी दुसरं काही आलंच नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय मासिकात आलं होतं, भारतातली जवळजवळ निम्मी मोठी माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत, बायकांमध्ये ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये ४२. हा बायकांचा आकडा वाचून मला जराही आश्चर्य वाटलं नाही. पुरुष निदान नाक्यापर्यंत चालत जातात, गप्पा मारायला.

तर जागा. आमच्या आळीच्या टोकाला एक पडीक प्लॉट होता, साधारण २२ गुंठे. घाणेरी माजलेली, मधे दोन रायवळ आंबे आणि एक जांभूळ, बाकी प्लास्टिक, नारळाच्या झावळ्या, बाटल्या, आणि संध्याकाळी बाटल्यांचे मालक. सगळे म्हणायचे कुणा मुंबईकराचा असेल. आमच्या शेजारचे गुरुजी, रिटायर्ड हेडमास्तर, ते म्हणाले अगो तो बगीच्याचा प्लॉट आहे, मी नकाशा बघितलाय. मी म्हटलं नकाशा कागदावर दाखवा.

तिथून माझी कागदांची गाडी सुरू झाली. २०२२ च्या जानेवारीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, तीन साधे प्रश्न: या जागेचा सातबारा कुणाच्या नावे, विकास आराखड्यात काय आरक्षण, आणि आजपर्यंत काय खर्च. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, मला ४१ व्या दिवशी मिळालं, तेही मी दोनदा जाऊन बसल्यावर. उत्तर मात्र सोन्यासारखं होतं. जागा बगीच्यासाठी आरक्षित, ताब्यात घेतलेली, सातबारा नगरपंचायतीच्या नावावर, खर्च निरंक. निरंक हा सरकारी शब्द मला फार आवडतो, शून्यापेक्षा जास्त रिकामा वाटतो.

ताब्यात घेतलेली होती हे आमचं नशीब. नाहीतर नगररचना कायद्यात, १९६६ चा आहे तो, १२७ कलम आहे, आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत काही केलं नाही की आरक्षण गेलं. गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे पलीकडच्या आळीतलं खेळाचं मैदान असंच गेलं, आज तिथे दोन बिल्डिंगा आहेत आणि पोरं बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून शिव्या खातात.

मग सह्या. इथे माझा धंदा कामाला आला, मी तसंही महिन्याला दोनशे घरी जातेच, पासबुक काढायचं, हप्ता घ्यायचा आणि अर्ज पुढे करायचा. पहिला प्रश्न सगळीकडे एकच, "काय गो वहिनी, कोकणात बगीचा कशाला हवाय? बगीच्यातच तर राहतो." मी उलट विचारायचे, शेवटचं कधी चाललात, अर्धा तास सलग, न थांबता? मग जरा शांतता व्हायची आणि सही मिळायची. एका काकींनी सही करताना हळूच विचारलं, तिथे बाथरूम होईल का गो? मी तेव्हा हो म्हटलं आणि विसरले, पण आख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता हे नंतर कळलं.

नगरपंचायतीच्या सभेत ठराव झाला, जिल्हा नियोजनच्या निधीतून पैसे मिळतील असं ठरलं, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, टेंडर, या सगळ्यात सव्वा वर्ष गेलं, ते सांगत बसत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही केलं त्यांना खरं वाटणार नाही.

एस्टिमेट मात्र सांगते. ३८ लाखांचं. कमान, रंगीत लाइटचं कारंजं, सिमेंटची मशरूम, लॉन, ओपन जिमची आठ मशीनं, पेव्हर ब्लॉक आणि गावाच्या नावापुढे लाल बदाम असलेला सेल्फी पॉइंट. चालायचा ट्रॅक नाही. बाथरूम नाही. दिवे फक्त कमानीवर. मी इंजिनिअर साहेबांना विचारलं, साहेब फेब्रुवारीपासून आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं, लॉनला कुठून घालणार? ते म्हणाले मॅडम बगीचा म्हटलं की लॉन आलंच. कारंजं? ते म्हणाले कारंज्याशिवाय उद्घाटनाला काय दाखवणार? माणूस वाईट नव्हता बरं का, प्रामाणिकपणे बोलला.

आम्ही सात-आठ जणांनी मिळून कागद केला, एस्टिमेट तेवढंच, वस्तू बदला. कारंजं, लॉन आणि मशरूम काढा. प्लॉटच्या कडेने फेरीचा ट्रॅक, १७० मीटरचा बसतो, म्हणजे सहा फेऱ्या की एक किलोमीटर. पेव्हर ब्लॉक नको कारण आमच्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, दुसऱ्या वर्षी ब्लॉक खचतात आणि फटीत शेवाळ. झाडू मारलेलं खरखरीत काँक्रीट, एका बाजूला उतार आणि गटार. मातीचाच ट्रॅक गुडघ्याला बरा असं माझी मुलगी म्हणत होती, ती पुण्याला फिजिओथेरपी शिकते, पण जुलैत तिने इथे येऊन मातीवर चालून दाखवावं. एका बाजूला ३० मीटर लांब शेड, पावसात निदान येरझाऱ्या घालता येतील. बाथरूम, पाण्याची टाकी, आणि ट्रॅकभर दिवे.

बाकांवरून तर मी भांडलेच. आधी आणलेले सिमेंटचे बाक बुटके होते, पाठ नाही, हात नाहीत. गुरुजींच्या बायकोला बसवलं आणि म्हटलं काकी आता उठा. त्यांना उठवायला दोघी लागल्या. घरातली खुर्ची मोजली तर दीड फूट उंच, तेच माप लिहून दिलं, पाठ हवी, धरून उठायला हात हवेत. म्हाताऱ्या माणसाला दर दोन-तीन मिनिटांवर टेकायला जागा दिसली तरच तो घरातून निघतो, नाहीतर निघतच नाही.

सेल्फी पॉइंट आम्हाला काढता आला नाही. तो आहे. लाल बदामाचा रंग खाऱ्या हवेने पहिल्या वर्षातच गेला, आता फिक्का गुलाबी दिसतो.

झाडांचं वेगळंच. ठेकेदार म्हणाला आंबे मधे येतात, काढून टाकू. म्हटलं परवानगी दाखव, शहरी भागात झाडं तोडायला १९७५ चा कायदा आहे. तसा तो गप्प बसला, ट्रॅकला तिथे वळसा पडला आणि आता सगळे त्याच वळणावर थांबतात कारण सावली तिथेच आहे. नवीन लावताना नारळ नको म्हटलं, डोक्यात पडतात. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्या आठवणीत ताजं होतं, किनाऱ्यावरची सुरूची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी आडवी झाली होती, आमच्या मागच्या अंगणात ११ पोफळी आणि एक फणस पडला होता आणि महिनाभर वीज नव्हती. म्हणून जुन्या माणसांना विचारून उंडी, भेंड, बकुळ, ताम्हण आणि दोन सुरंगी लावल्या. सुरंगीला फुलं यायला किती वर्षं लागतील ते गुरुजींनी विचारू नका म्हणून सांगितलंय.

२०२४ च्या जानेवारीत उद्घाटन झालं. पहिले चार महिने काय सांगू, जत्रा. सकाळी साडेपाचपासून पुरुष, मग सातनंतर आम्ही बायका डबे भरून झाल्यावर, संध्याकाळी पोरं. माझी १५० मिनिटं व्हायला लागली. मे महिन्यात मुंबईकर आले, तेही म्हणाले अरे वा.

आणि मग पाऊस आला. ऑगस्टपर्यंत गवत कंबरेएवढं. ओपन जिमच्या मशीनच्या सांध्यांना गंज, एकाचं पायडल हातात आलं. चार दिवे गेले, बाथरूमची कडी तुटली आणि मग बाथरूमच बंद. गटारात झावळ्या अडकून ट्रॅकवर पाणी. सप्टेंबरात एका बाईंना ट्रॅकच्या कडेला फुरसं, म्हणजे विषारी साप, दिसलं. दिसलं फक्त, पण दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बायका बंद, मी पण. आठ दिवसांत बाटल्यांचे मालक परत हजर. ३८ लाखांची जागा आठ महिन्यांत होती तिथे गेली.

मी ऑफिसात गेले तर कळलं की मिळालेला निधी बांधकामाचा होता, माळ्याच्या पगाराला त्यातला रुपया वापरता येत नाही, आणि देखभालीचं हेडच यंदाच्या बजेटमध्ये नाही. म्हणजे बांधायला ३८ लाख आणि गवत कापायला शून्य. निरंक.

त्या रात्री मला झोप लागेना. वीस वर्षं मी लोकांना आरडी विकतेय, हल्ली महिन्याला शंभर रुपयांपासून, ६० महिने, चुकवायचं नाही. लोकांना एकरकमी ठेव समजते, पावती हातात येते, फ्रेम करून लावावीशी वाटते. आरडी कंटाळवाणी. दर महिन्याला कुणीतरी दारात येऊन मागतं. पण मी ज्यांचे पैसे उभे राहिलेले बघितले ते दर महिन्याला थोडे थोडे भरणारे. बगीच्याचं आम्ही एफडीसारखं केलं होतं.

त्याच सुमारास मुलीने मला एक अभ्यास समजावून सांगितला. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक प्लॉट घेतले, अगदी आपल्यासारखे कचऱ्याचे. काहींवर कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि पुढे दर महिन्याला जाऊन देखभाल केली. काहींचा नुसता कचरा उचलला आणि जमेल तिथे गवत कापलं, तेही दर महिन्याला. काही तसेच सोडले. कुठला प्लॉट कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०१८ मध्ये तो छापून आला. हिरव्या केलेल्या प्लॉटांच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये, तसेच सोडलेल्यांच्या तुलनेत, मन उदास असतं म्हणणाऱ्यांचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी कमी झालं. नुसता कचरा उचलला तिथे असा ठोस फरक दिसला नाही. कारंजं कुठेच नव्हतं, मी मुद्दाम विचारलं.

हा कागद मराठीत लिहून, माळ्याच्या हिशोबासकट, आम्ही सभेपुढे ठेवला. महिन्याला २२ हजार: दोन बायकांची रोजची तीन तासांची झाडलोट आणि बाथरूम, महिन्यातून दोनदा आणि पावसात दर आठवड्याला गवत, दिवे, गटार. वर्षाचे २ लाख ६४ हजार. काम बचत गटाला द्या म्हटलं. एक सदस्य म्हणाले एवढे पैसे रस्त्याला लावले तर? गुरुजी उठले आणि म्हणाले, "रस्त्यावरून दवाखान्यात लवकर पोचता येईल, हे खरं आहे." सभा हसली. ठराव दोन मतांनी पास झाला, हसण्यामुळे की कशामुळे माहीत नाही. २०२५ च्या एप्रिलपासून बचत गटाकडे काम आहे.

तेव्हापासूनचा फरक सांगते, पण उगाच फुगवून नाही. माझं एचबीएवनसी आता ६.६ आहे, त्यात गोळी आहे, कमी केलेला भात आहे आणि चालणं आहे, कशाचं किती ते डॉक्टरही सांगत नाहीत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आरोग्य उपकेंद्राच्या ताई शेडमध्ये बीपीचं मशीन घेऊन बसतात, पहिल्याच वेळी बीपी जास्त निघालेले चार जण असे होते ज्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यातला एक तर आमचा ठेकेदार. देशभरात साडेपस्तीस टक्के मोठ्या माणसांना बीपी आहे आणि १० कोटींच्या वर लोकांना डायबिटीस, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत आहे, तेव्हा चार जण म्हणजे काही विशेष नाही. पण ते दवाखान्यात गेले नसते, इथे आले होते भेळ खायला.

मला सगळ्यात जास्त वाटलं ते एकट्या माणसांबद्दल. आमच्याकडे दहा खणी घरात एक म्हातारी आणि एक टीव्ही अशी किती घरं आहेत, मुलं मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात येणार, बाकी वर्षभर पडवीत बसून रस्त्याकडे बघायचं. मी हप्ता घ्यायला जायचे तर अर्धा तास सोडायच्या नाहीत. हल्ली त्यातल्या चार-पाच जणी पाचच्या सुमाराला त्या हातवाल्या बाकांवर असतात. चालत फारशा नाहीत. एक फेरी, फार तर दोन, आणि मग सुनांचा विषय. एकीला मी म्हटलं काकी चाला की, नुसत्या बसता, तर म्हणाल्या, "घरापासून इथवर आले ते काय उडत आले?" बरोबर आहे. जाऊन येऊन अर्धा किलोमीटर होतो त्यांचा. आणि बाथरूमचं विचारणाऱ्या काकी त्याच.

सगळं छान आहे असं नाही. अंधार पडल्यावर पूर्वेकडच्या कोपऱ्यात बायका अजून जात नाहीत. आठातली तीन मशीनं अजून गंजलेली आहेत आणि ती स्टीलची करा म्हणून दिलेला अर्ज कुठल्या टेबलावर आहे देव जाणे. खालच्या वाडीतली माणसं क्वचितच येतात, त्यांना मधे मोठा रस्ता ओलांडावा लागतो आणि तिथे झेब्रा क्रॉसिंग सोडा, साधा गतिरोधक नाही. त्यांच्यासाठी तिकडेच एखादी छोटी जागा बघायला हवी, गुरुजींनी नकाशा परत काढलाय.

सध्या बचत गटाचं दोन महिन्यांचं बिल अडकलंय. सोमवारी जायचंय, डायरीत तसं लिहून ठेवलंय, त्याच दिवशी त्या आळीत माझे १४ हप्ते गोळा करायचे आहेत, तर ऑफिस उघडायच्या आधी तेवढं उरकून घेईन. शेडचा एक पत्रा गळतो तो पावसाच्या आधी बदलायला हवा.